लग्नाच्या डीव्हीडी हार्डडिस्कवर घेताना

एका साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. मग तिच्यावरून कॉम्प्युटरवर उतरवलेलं दोन तासांचं लग्न 9 जीबीचं कसं होतं? जुन्या डिस्क घरच्या हार्डडिस्कवर घ्यायला बसलेल्याला हा प्रश्न लवकरच पडतो. कन्व्हर्टर सॉफ्टवेअर उघडलं की ‘फुल एचडी’चा पर्याय समोर दिसतो आणि चांगलं तेच घ्यावं म्हणून आपण तो निवडतो. मग सॉफ्टवेअर 720 बाय 576 ठिपक्यांचं चित्र ताणून 1920 बाय 1080 करतं आणि सेकंदाला 10 मेगाबिटच्या दराने लिहीत जातं. दोन तासांचे सेकंद 7200. त्यांना दहाने गुणून आठाने भागलं की 9000 एमबी होतात. डिस्कवर नव्हता असा एकही तपशील त्यात वाढलेला नसतो. जागा मात्र दुप्पट जाते.

याच्या उलट टोकही पाहायला मिळतं. जागा वाचावी म्हणून तेच लग्न 300 एमबीत दाबलं जातं, आणि वरातीच्या अंधारात आजोबांचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांचा होऊन बसतो. या दोन्हींच्या मधली योग्य जागा अंदाजाने शोधावी लागत नाही, ती नीट ठरवता येते. त्यासाठी डिस्कवर काय आहे ते आधी कळायला हवं.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या घरांत ज्या डिस्क सापडतात, त्यांत बाजारातले सिनेमे थोडे आणि घरचं चित्रण जास्त असतं. साखरपुडा, हळद, लग्न, वरात, जागरण-गोंधळ, वास्तुशांत, गावच्या हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन. काहींच्या संग्रहात पालखी असते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्काम करून काटेवाडीला येते, तिथे धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीचं गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग आता रुंद महामार्ग झाला आहे. पूर्वीचा अरुंद रस्ता आणि त्याच्या कडेची घरं ज्या चित्रणात आहेत, ते आता पुन्हा करता येणार नाही. कोणाकडे उजनीचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या पळसदेवच्या जुन्या मंदिराचं शूटिंग असतं. बाजारातला सिनेमा पुन्हा कुठूनतरी मिळतो, यातलं काहीच मिळत नाही. म्हणून माझा आग्रह असा की घरच्या प्रत्येक डिस्कच्या दोन प्रती कराव्यात. एक हुबेहूब प्रत, जिला कधी हात लावायचा नाही. दुसरी पाहण्याची, आटोपशीर आकाराची. पुण्यात 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जतनाची प्रत आणि दाखवण्याची प्रत वेगळी ठेवण्याची जी शिस्त असते, तीच घरात आणायची.

डिस्क उघडली की आत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या व्हीओबी फाइलींमध्ये चित्र आणि आवाज असतो. या फाइली जास्तीत जास्त 1 जीबीच्या तुकड्यांत कापलेल्या असतात, त्यामुळे मंगलाष्टकं एका तुकड्यात आणि अक्षता दुसऱ्यात असं होऊ शकतं. कोणता तुकडा कुठे सुरू होतो, मेनूवरचं कोणतं बटण कुठे नेतं, ही माहिती आयएफओ फाइलींमध्ये असते. तिची राखीव प्रत बीयूपी या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली असते. नुसत्या मोठ्या व्हीओबी उचलून आणल्या तर चित्रण येतं, पण क्रम आणि मेनू हरवतो. म्हणून हुबेहूब प्रत घ्यायची ती अख्ख्या डिस्कची, म्हणजे आयएसओ फाइल. विंडोजवर इमेजबर्न हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क वाचून आयएसओ बनवून देतं. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो. चांगली डिस्क दहा-पंधरा मिनिटांत उतरते.

चांगली नसलेल्या डिस्कचं काम वेगळं आहे, आणि तिथे घाई करून चालत नाही. स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात जाळून लिहिलेली असते. ऊन आणि उष्णता हे त्या थराचे शत्रू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीतल्या पेटीचं तापमान त्याहून बरंच वर जातं. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिक चकत्यांच्या मधोमध असतो, तर सीडीत तो वरच्या छापील बाजूला अगदी लागून असतो. त्यामुळे सीडीच्या वरच्या बाजूला पडलेला ओरखडा किंवा बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव खालच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक ठरतं. कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो सोलायला जाऊ नका, थर त्याच्यासोबत निघून येऊ शकतो.

डिस्क मळकी असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं आणि त्यात ओरखडा पडला तर तो माहितीच्या रांगेच्या दिशेने जातो. असा ओरखडा वाचताना सर्वांत जास्त त्रास देतो. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. तरीही ड्राइव्ह अडखळला तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा वाचतो, हे नेहमी घडतं. त्याने भागलं नाही तर डीडीरेस्क्यू वापरावं. लिनक्सवर चालणारं हे सॉफ्टवेअर आधी डिस्कचा सगळा सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. नोंद जपलेली असल्यामुळे काम मध्ये थांबवून दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे नेता येतं. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि बोटं कडेलाच लागतात. म्हणून काठोकाठ भरलेल्या डिस्कवर बहुधा शेवटचा भाग, म्हणजे पाठवणी किंवा वरात, आधी खराब होतो. तेवढ्यासाठी रात्रभर मशीन चालू ठेवावी लागली तरी ठेवावी.

आयएसओ तयार झाली की डिस्कचं काम संपलं. पाहण्याची प्रत या फाइलीवरूनच करायची, त्यासाठी डिस्क पुन्हा फिरवायची नाही. इथून पुढे मी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरच्या आधाराने सांगतो, कारण ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि आयएसओ थेट उघडतं.

उघडताच पहिली अडचण येते ती टायटलची. सिनेमाच्या डिस्कवर एक मोठं टायटल म्हणजे सिनेमा. लग्नाच्या डिस्कवर मात्र अनेक स्टुडिओ हळद, लग्न आणि वरात अशी वेगवेगळी टायटल करत. सॉफ्टवेअर मुख्य म्हणून त्यातलं एकच समोर ठेवतं; तेवढंच बदलून घेतलं तर हळद राहून जाते आणि ते वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. यादी उघडून सगळी टायटल पाहा आणि सगळी रांगेत लावा.

दुसरी गोष्ट चित्राच्या मापाची. आपल्याकडच्या, म्हणजे पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरचं चित्र 720 बाय 576 असतं, पण त्याचे ठिपके चौरस नसतात. जुन्या टीव्हीच्या 4:3 आकारात ते दिसायचं असेल तर रुंदी 768 ठिपक्यांइतकी भरते. हँडब्रेक हे स्वतः ओळखतं, तिथे हात घालू नये. ‘पूर्ण पडदा भरावा’ म्हणून 4:3 चं लग्न 16:9 मध्ये ताणलं की नवरा-नवरी दोघंही बुटकी आणि रुंद दिसू लागतात, आणि ते कायमचं. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. मोठं करायचं नाही, ताणायचं नाही. एवढं पाळलं तरी फाइल फुगण्याचं सर्वांत मोठं कारण गेलं.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. त्या काळच्या कॅमेऱ्यांनी पूर्ण चित्रं एकसंध टिपलेली नसतात. एका सेकंदात 25 चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुन्या टीव्हीवर हे छान मिसळून दिसायचं. मोबाइलवर मात्र धावत्या घोड्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. हे दात तसेच ठेवून फाइल केली की ती दोन्हीकडून तोट्याची: दिसायला वाईट आणि आकाराने मोठी, कारण प्रत्येक दात ही एक नवी बारीक कड असते आणि ती लिहायला सॉफ्टवेअरला जास्त बिट खर्चावे लागतात. फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस हा पर्याय असतो. त्यात बीडब्ल्यूडीआयएफ निवडा आणि त्याचा ‘बॉब’ प्रकार घ्या. त्याने दोन्ही हप्ते वेगळे होऊन सेकंदाला 50 पूर्ण चित्रं मिळतात, आणि बेलवाडीच्या रिंगणातली अश्वाची दौड मूळ टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. 25 चित्रांचा साधा प्रकार घेतला तर फाइल थोडी लहान होते, पण हालचाल तुटक वाटते. कीर्तनाला, भाषणाला 25 पुरतात. रिंगण, लेझीम, वरात, बैलगाड्यांच्या शर्यती यांना 50 द्यावीत. बॉब लावूनही हालचाल पुढे-मागे हिसके देत असेल तर ओळींचा क्रम उलटा धरला गेला आहे असं समजा. तो बदलण्याची सोय त्याच जागी आहे.

आता आकार ठरवणारा आकडा. इथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ठरावीक बिटरेट: प्रत्येक सेकंदाला इतकेच बिट. हा रस्ता सोडून द्या. स्टेजवर नवरा-नवरी शांत उभी असतात आणि पाहुणे येऊन आहेर देतात, तिथे इतके बिट लागत नाहीत, ते वाया जातात. वरातीतल्या फटाक्यांना मात्र तेवढे पुरत नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे ठरावीक दर्जा. हँडब्रेकमध्ये त्याला आरएफ म्हणतात. तुम्ही दर्जा सांगता, बिट किती लागतील ते सॉफ्टवेअर प्रसंग पाहून ठरवतं. आकडा लहान तर दर्जा जास्त आणि फाइल मोठी. डीव्हीडीच्या मापाच्या चित्रासाठी हँडब्रेकचे कर्ते 18 ते 22 सुचवतात. मी 20 पासून सुरू करा असं सांगेन. आकडा 6 ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, हा हिशेब एच.264 या चित्र दाबण्याच्या पद्धतीसाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आकडा नक्की करण्याआधी सर्वांत अवघड दोन मिनिटं निवडा आणि तेवढ्याचीच फाइल करून पाहा. रात्रीची वरात, उडता भंडारा, हळदीच्या मांडवातली गर्दी. ती मोठ्या टीव्हीवर लावून काळोखातले चेहरे आणि साड्यांचे काठ पाहा. तिथे ठोकळे दिसले नाहीत तर बाकीचं चित्रण आपोआप बरं येणार. दोन तासांची काठोकाठ भरलेली डीव्हीडी सेकंदाला सरासरी सव्वापाच मेगाबिट वापरत असते. स्वच्छ चित्रणाची पाहण्याची प्रत बहुधा एक ते दोन मेगाबिटमध्ये बसते. दीड धरला तर दोन तासांचे सुमारे 1.35 जीबी होतात.

एखादी फाइल याच आकड्यावर तिप्पट होऊन बसली तर घाबरू नका, चित्रण पाहा. बहुतेक वेळा ती डिस्क व्हीएचएस कॅसेटवरून केलेली असते. कॅसेटच्या चित्रात मुंग्यांसारखी सळसळ असते आणि सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याची सळसळ इमानाने लिहीत बसतं. अशा वेळी आरएफ वाढवू नये, त्याने चेहरे आधी बिघडतात. फिल्टरमध्ये डीनॉइज हलक्या मात्रेत लावावं आणि चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी असेल तर ती कापावी. हलक्या मात्रेत हे महत्त्वाचं. जास्त लावलं की माणसं मेणाची दिसतात. स्टुडिओवाला अजून धंद्यात असेल तर मूळ मिनीडीव्ही टेप शिल्लक आहे का, हेही विचारून पाहावं. टेप पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे आशा कमी. पण मिळाली तर तिच्यावरचं चित्रण डीव्हीडीपेक्षा सरस असतं.

एच.264 की एच.265? दुसऱ्याने फाइल आणखी लहान होते, पण वेळ जास्त लागतो आणि गावाकडच्या जुन्या टीव्हीच्या यूएसबीवर ती चालेलच असं नाही. या मापाच्या चित्राला एच.264, ‘स्लो’ प्रीसेट आणि एमपी4 फाइल हेच माझं मत. ग्राफिक्स कार्डाकडून करून घेण्याचा झटपट पर्यायही दिसेल. त्याने वेळ वाचतो, पण तेवढ्याच दर्जाला फाइल मोठी होते. घाई कसली? रात्री रांग लावून झोपावं. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवर हे काम लावावं.

आवाजाकडे दुर्लक्ष होतं आणि तिथेही जागा जाते. काही डिस्कवर आवाज न दाबलेला, पीसीएम स्वरूपात असतो: सेकंदाला 1536 किलोबिट, म्हणजे तासाला जवळपास 690 एमबी. तो एएसी 160 किलोबिटमध्ये घेतला तर तासाला 72 एमबी होतो आणि मंगलाष्टकांत फरक ऐकू येत नाही. एसी3 आवाज असेल तर तो तसाच पुढे नेता येतो, पण काही टीव्हींवर आवाज येत नाही, एएसी सुरक्षित. कीर्तनाच्या डिस्कला मात्र 192 द्या. पखवाज आणि टाळ एकत्र वाजतात तिथे कमी बिटमध्ये टाळाचा आवाज चिरका होतो.

व्हीसीडीचं गणित निराळं. तिच्यावरचं चित्र 352 बाय 288 एवढंच, आणि ते आधीच सेकंदाला 1150 किलोबिटमध्ये दाबलेलं. ते पुन्हा दाबून काही वाचत नाही, उरलेलं मात्र बिघडतं. ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या डीएटी फाइली तशाच घ्या. व्हीएलसीमध्ये त्या चालतात. व्हीसीडीवर चित्रणाला चूक-दुरुस्तीचा तो जादा थर नसतो जो डेटा सीडीला असतो, त्यामुळे छोटा ओरखडाही विंडोजची कॉपी थांबवतो. व्हीसीडीगिअरसारखं खास यासाठीचं सॉफ्टवेअर वापरावं. जुन्या डिस्कांमध्ये व्हीसीडी पहिल्यांदा हाती घ्याव्यात.

आता ठेवायचं कुठे? शंभर काठोकाठ डीव्हीडींच्या आयएसओ सुमारे 470 जीबी आणि पाहण्याच्या प्रती आणखी 135 जीबी. 1 टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कवर हे सगळं बसून जागा उरते. हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जात नाही, निम्मी जागा मोकळी असली तरी. विंडोजच्या मोजणीने भरलेली डीव्हीडी 4.38 जीबीची होते, म्हणजे नेमकी याच कुंपणावर अडते. साठवणीच्या डिस्कला एक्सफॅट द्या. जुन्या टीव्हीला लावायच्या पेनड्राइव्हवर एफएटी32 असू द्या, पाहण्याच्या प्रती त्यात सहज जातात. एक हार्डडिस्क घरी आणि तीच भरलेली दुसरी पुण्याला मुलाकडे किंवा बहिणीकडे, अशी सोय करावी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर दुसरीचा उपयोग उरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 2 जीबीपर्यंतची फाइल दर्जा न घसरता जाते.

फाइलचं नाव वर्षापासून सुरू करावं: वर्ष, महिना, प्रसंग, गाव, भाग. म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. काही टीव्ही देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, त्यांच्यासाठी नाव रोमन लिपीत ठेवावं लागतं. सोबत एक साधी वही किंवा फाइल करा आणि कोणत्या मिनिटाला कोण दिसतं ते लिहा. पंगतीत वाढणारे, मांडवात फेटे बांधणारे, आहेर देताना ज्यांचं नाव माइकवर नीट ऐकू येत नाही ते, सगळे. ही माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरला काढता येत नाही, ती घरातल्या मोठ्यांनाच विचारावी लागते.

हक्कांचंही स्पष्ट असावं. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार, पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते करून घेणारा असतो. म्हणजे तुमच्या लग्नाचं शूटिंग तुमचं. पण स्टुडिओने मिक्सिंगमध्ये त्यावर चढवलेली सिनेमाची गाणी तुमची नाहीत; म्हणूनच असं लग्न यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येतो. कीर्तन चारचौघांत वाटण्याआधी कीर्तनकारांना विचारावं. बाजारातल्या अनेक सिनेमांच्या डिस्कला कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 65अ खाली गुन्हा आहे. हँडब्रेक स्वतःहून ते कुलूप उघडत नाही. सिनेमाची डिस्क हा तुमचा खरा प्रश्नही नाही.

तेव्हा येत्या सुट्टीत माळ्यावरची पेटी खाली काढा, सर्वांत जुनी घरची डिस्क आधी लावा आणि तिची हुबेहूब प्रत करा. पाहण्याची प्रत नंतर केव्हाही होईल. येत्या उन्हाळ्याआधी सगळ्या घरच्या डिस्क एकदा तरी वाचून झालेल्या असाव्यात.